सुपरचार्जर आहेच, मग लाँग स्ट्रोक क्रँक टाकू का?

(या भागाचं बोलणं इथं लिहून काढलंय. थोडी काटछाट केलीये, बाकी जसं बोललो तसं.)

आजचा सगळा भाग एका व्हॉइस मेसेजवर आहे. मेसेज आलाय काष्टीवरून. श्रीगोंदा तालुक्यातलं, शनिवारच्या जनावरांच्या बाजाराचं काष्टी. मेसेज असा:

"दादा, माझ्या मामेभावानं पुण्यातून जुनी सी-क्लास घेतलीये, मागं 'कॉम्प्रेसर' लिहिलेली. गाडी लय भारी पळती. आता एक गॅरेजवाला म्हणतोय, लाँग स्ट्रोक क्रँक टाकू, सीसी वाढंल, सुपरचार्जर तर आहेच, पॉवर डबल वाटंल. लिंबाचे पैसे आलेत, भाऊ ॲडव्हान्स द्यायला निघालाय. द्यावा का?"

भावाला म्हणावं दोन दिवस थांब. प्रश्न झकास आहे, पण उत्तर त्या गॅरेजवाल्यानं सांगितलं तेवढं सोपं नाही. आणि लिंबाचे पैसे किती उन्हातून येतात ते मला माहितीये.

आधी गाडी कोणती ते बघू. २००० च्या दशकात मर्सिडीजच्या पुण्यातल्या कारखान्यात जुळणी झालेल्या सी-क्लासमध्ये हे इंजिन होतं. चार सिलिंडर, १७९६ सीसी. 'कॉम्प्रेसर' हा सुपरचार्जरला जर्मन शब्द. बोअर ८२ मिलिमीटर, स्ट्रोक ८५ मिलिमीटर. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी, आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन खालून वर किती सरकतो ते अंतर. रुंदीवरून गोलाचं क्षेत्रफळ काढा, त्याला स्ट्रोकनं गुणा, मग चारनं गुणा, १७९६ येतात. कॅल्क्युलेटर फोनमध्येच आहे, करून बघा.

आता सीसी वाढवायचे रस्ते दोनच. सिलिंडर रुंद करा, नाहीतर पिस्टनचा प्रवास लांबवा. पहिल्याचं उदाहरण तुमच्या दारात उभं असेल. जुनी बुलेट ३५० आणि जुनी ५००, दोघींचा स्ट्रोक ९० मिलिमीटरच. बोअर मात्र ७० वरून ८४ केला. दुसऱ्याचं उदाहरण मारुतीचं. स्विफ्टचं के-१२ इंजिन ७३ बाय ७१.५, म्हणजे ११९७ सीसी. २०१२ ला अर्टिगा आली तिच्यात के-१४, ७३ बाय ८२, म्हणजे १३७३ सीसी. बोअर तोच, स्ट्रोक साडेदहा मिलिमीटर जास्त. म्हणजे काष्टी-दौंड रस्त्यावर रोज धावणाऱ्या कितीतरी अर्टिगांमध्ये लाँग स्ट्रोक क्रँक आहेच, फक्त तो कंपनीनं बसवलाय.

क्रँक लांब म्हणजे नक्की काय लांब? सायकलचं पायडल डोळ्यासमोर आणा. मधल्या आसापासून पायडलपर्यंतचा दांडा असतो ना, तो म्हणजे क्रँकचा 'थ्रो'. पाय वरून खाली जातो ते अंतर दांड्याच्या दुप्पट. तसंच इथं. थ्रो साडेचार मिलिमीटरनं वाढवला की स्ट्रोक नऊ मिलिमीटरनं वाढतो.

आपल्या हिशेबासाठी तेवढंच धरू, ८५ चा स्ट्रोक ९४ केला. हा आकडा मी गणितासाठी घेतलाय, बाजारात असा क्रँक तयार मिळतो असं सांगत नाहीये. सीसी होतात १९८६. साडेदहा टक्के वाढ. ऐकायला मस्त वाटतं.

इथंच सगळी गोम आहे. साध्या इंजिनात, म्हणजे सुपरचार्जर नसलेल्या, इंजिन स्वतः हवा ओढतं. पोट मोठं केलं की घास मोठा. साडेदहा टक्के जास्त हवा, त्या मापानं जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण या गाडीत हवा कोण मोजून देतंय? सुपरचार्जर. तो क्रँकच्या पुलीवरून पट्ट्यानं फिरतो आणि या गाडीतला प्रकार असा आहे की एका फेरीला तो ठरलेल्या मापाचीच हवा पुढं ढकलतो. धान्याचा मापाडी समजा. पायली भरली, ओतली. पायली भरली, ओतली. पुढं पोतं मोठं आहे की लहान, त्याला काही देणंघेणं नाही.

पोतं मोठं केलं, पायली तीच, माप घालायचा वेग तोच. धान्य वाढलं का? नाही वाढलं. पोतं जरा सैल भरलं, एवढंच.

गाडीत हे डॅशबोर्डवर बूस्ट गेज लावलं तर दिसतं. समजा आधी काटा ०.६ बारवर जायचा. बाहेरच्या हवेचा साधारण एक बार धरून एकूण १.६. इंजिन साडेदहा टक्के मोठं झालं की तेच १.६ भागिले १.१०६, म्हणजे १.४५ च्या आसपास. काटा ०.४५ वर. गॅरेजवाल्याला फोन जाणार, "अहो, सुपरचार्जर खराब झाला!" तो अजिबात खराब झालेला नाही. तो पहिल्याइतकीच हवा देतोय. आणि हवा तेवढीच तर पेट्रोल तेवढंच, आणि ताकद जवळजवळ तेवढीच.

"पण दादा, क्रँकचा दांडा लांब झाला म्हणजे टॉर्क वाढणारच ना?" हा प्रश्न येणार हे माहीत होतं. लांब पान्यानं नट सुटतो, तोच विचार. दांडा लांब झाला हे खरं. पण पिस्टनच्या डोक्यावरचा दाब त्याच मापानं कमी झाला. पाना लांब केला आणि हाताचा जोर कमी केला तर नट तिथंच. हातात काहीतरी पडतं, नाही असं नाही. सुपरचार्जरला कमी दाबाविरुद्ध ढकलावं लागतं म्हणून तो स्वतः इंजिनची ताकद कमी खातो. त्याच्या फटींतून मागं गळणारी हवाही कमी होते. पण हे दोन्ही मिळून 'डबल' होत नाही.

मग या कामाचा उपयोग काय? आहे, आणि तो उष्णतेत आहे. हवा दाबली की तापते. सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं ना, तेच. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीत असतो. सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर १.६ पटीला हवा अजून साधारण ७५ अंशांनी तापते, आणि १.४५ पटीला ५८ अंशांनी. म्हणजे इंटरकूलरच्या आधीच १७ अंशांचा फरक. हवा गार, म्हणजे नॉकिंगची भीती कमी. नॉकिंग म्हणजे ज्योत पोचायची वाट न बघता मिश्रण कोपऱ्यात आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा पडतो ते. सुपरचार्जर असलेली इंजिनं मरतात ती बहुतेक याच दुखण्यानं.

म्हणजे लाँग स्ट्रोकनं तुम्हाला मिळते ती जागा. ती भरायची तर सुपरचार्जरची पुली लहान करून त्याला जोरात फिरवायचं, बूस्ट परत ०.६ वर आणायचा. आता हवा खरोखर साडेदहा टक्के जास्त आली, आणि दाब व उष्णता पहिल्याच्या जवळपास राहिली. क्रँक आणि पुली हे एकाच कामाचे दोन अर्धे भाग आहेत. अर्धंच काम करून पूर्ण पैसे देऊ नका. (आणि हो, सुपरचार्जरच्या स्वतःच्या फेऱ्यांनाही मर्यादा असते. आधीच तो कडेला पोचलेला असेल तर पुली लहान करायला वावच नाही.)

टर्बो असलेल्या गाडीचं वेगळं असतं. तिथं हवेचं माप पुलीनं बांधलेलं नसतं, धुराच्या जोरावर ठरतं. मोठं इंजिन जास्त धूर देतं, टर्बो लवकर जागा होतो. त्यामुळं मित्राच्या टर्बो गाडीत क्रँक बदलून खालच्या आरपीएमला मजा आली म्हणून तुमच्याही गाडीत येईल असं नाही.

आता मला तुम्हाला काष्टी स्टेशनवर न्यायचंय. कारण माझ्या माहितीतलं या कामाचं सगळ्यात मोठं आणि खरं उदाहरण त्या रुळांवरून गेलंय. दौंड-मनमाड लाइनवर आता तारा आल्यात, पण कर्नाटक एक्स्प्रेसला वर्षानुवर्षं लांब, घुमणारी डिझेल इंजिनं असायची, आठवतात का? डब्ल्यूडीपी-४ जातीची. मालगाडीसाठी तिची बहीण डब्ल्यूडीजी-४. मूळ अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाची. भारतात १९९९ च्या सुमारास पहिली आली, मग वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली.

तिच्या पोटातलं इंजिन '७१०' नावाचं. ७१० म्हणजे एका सिलिंडरचे घनइंच. आपल्या भाषेत एका सिलिंडरला ११.६ लिटर, आणि असे १६ सिलिंडर. एकूण १८६ लिटर! सी-क्लासची शंभर इंजिनं एकत्र केली तरी थोडी कमीच पडतात. हे टू-स्ट्रोक डिझेल आहे आणि बाहेरून हवा ढकलल्याशिवाय ते श्वासच घेऊ शकत नाही. म्हणून त्याचा टर्बो चालू होताना आणि कमी लोडला गिअरनं क्रँकवरून फिरतो, म्हणजे चक्क सुपरचार्जरसारखा. लोड वाढून धुराचा जोर पुरेसा झाला की एक क्लच सुटतो आणि तो धुरावर फिरायला लागतो. एकाच यंत्रात दोन्ही. मला ही रचना फार आवडते.

तर या ७१० च्या आधी होतं ६४५. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १६ सिलिंडरच्या ६४५ मधून ३५०० हॉर्सपॉवर काढायला कंपनीनं ते ९५० आरपीएमवर पळवलं. इंजिनं नाजूक निघाली, गिऱ्हाईक वैतागलं. मग १९८४ मध्ये ७१० आलं. काय केलं? बोअर तसाच ठेवला, स्ट्रोक १० इंचाचा ११ इंच केला, म्हणजे २५४ मिलिमीटरचा जवळपास २७९. दहा टक्के वाढ, आपल्या सी-क्लासच्या गणिताइतकीच. आणि आरपीएम ९५० वरून ९०० च्या घरात आणले. आपल्याकडं आलेल्या ४००० हॉर्सपॉवरच्या इंजिनाचे कमाल आरपीएम ९०४.

आता हे बघा. पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो तेव्हा त्याच्यावर जो झटका बसतो, तो स्ट्रोकच्या प्रमाणात वाढतो, पण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात. २५४ गुणिले ९५० चा वर्ग, आणि २७९.४ गुणिले ९०४ चा वर्ग, दोन्ही काढा. जवळजवळ एकच उत्तर येतं! स्ट्रोक दहा टक्के वाढवला, आरपीएम पाच टक्के उतरवले, झटका तेवढाच राहिला आणि ताकद मात्र वाढली. पुढं मजबुती वाढवत त्यांनी याच इंजिनाच्या ४५०० हॉर्सपॉवरच्या आवृत्तीचे आरपीएम परत ९५० च्या वर नेले, पण ते कितीतरी वर्षांनी.

आणि नुसता क्रँक बदलून ते थांबले नाहीत. क्रँककेस उंच केलं, लायनर लांब केले, टर्बो मोठा बसवला. मोठ्या पोत्याला मोठी पायली.

आपल्या गॅरेजमध्ये बहुतेक वेळा हाच भाग गाळला जातो. थ्रो साडेचार मिलिमीटरनं वाढला म्हणजे पिस्टन साडेचार मिलिमीटर जास्त वर येणार. वर तर हेड आहे! ब्लॉक काही आपण उंच करत नाही. मग एकतर कनेक्टिंग रॉड आखूड घ्या, नाहीतर असा पिस्टन घ्या ज्याची पिन डोक्याच्या जास्त जवळ आहे. रॉड आखूड केला की तो जास्त तिरका होतो आणि पिस्टनला भिंतीवर दाबतो. लायनर एका बाजूनं झिजतो. पिन वर नेली की रिंगांना जागा कमी उरते, आणि सुपरचार्जर असलेल्या इंजिनात पिस्टनचं डोकं आधीच जास्त तापतं. दोन्हीत काहीतरी सोडावं लागतं.

कॉम्प्रेशनही चढतं. समजा आधी ९ होतं. एका सिलिंडरचे ४४९ सीसी, वरच्या पोकळीत ५६. आता ४४९ चे ४९६ झाले, पोकळी तेवढीच ५६. नवं कॉम्प्रेशन ९.८ च्या वर. साध्या इंजिनात हे वरदान असतं. पण सुपरचार्जरसोबत आपण मघाशी जे १७ अंश कमावले, त्यातलं बरंचसं इथं परत गेलं. म्हणून पिस्टनच्या डोक्यात वाटी खोल करून घ्यावी लागते, म्हणजे पिस्टन खास बनवून घ्यायचा. तिथून खर्च सुटतो तो हाताला लागत नाही.

झटक्याचा आकडाही ऐका. पिस्टन, पिन, रिंगा मिळून समजा पाव किलो. ८५ स्ट्रोकला ६००० आरपीएमवर वरच्या टोकाला तो रॉडला साधारण साडेपाच क्विंटलच्या जोरानं ओढतो. ९४ ला सहा क्विंटलच्या वर. पाव किलोचा पिस्टन, आणि शनिवारच्या बाजारातल्या दणकट बैलाच्या वजनाइतकी ओढ, मिनिटाला ६००० वेळा. रेल्वे इंजिनासारखं करायचं तर रेडलाइन ६००० वरून ५७०० वर आणा. भावाला हे सांगून बघा. "गाडी फास्ट करायला पैसे घेतले आणि आरपीएम कमी केले?" म्हणणार. पण तेच बरोबर आहे.

आता क्रँक येतो कुठून? एक, अखंड पोलादातून फोर्ज केलेला. यासाठी जगात नाव असलेली कंपनी आपल्याकडंच आहे, पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज, स्थापना १९६१. जगातल्या मोठमोठ्या ट्रक कंपन्यांना तिचे क्रँक जातात. पण तिथून हजारोंनी माल जातो, एका भावासाठी एक क्रँक नाही. एक नग हवा असेल तर परदेशातल्या खास कारखान्यातून मागवायचा, तोही त्या इंजिनासाठी कुणी बनवत असेल तर.

दुसरा रस्ता ऑफसेट ग्राइंडिंग, आणि मला शंका आहे की गॅरेजवाल्याच्या डोक्यात हाच असणार. ट्रॅक्टरचा क्रँक झिजला की आपण ग्राइंडिंगला देतो आणि अंडरसाइज बेअरिंग टाकतो. तेच काम, फक्त जर्नल मधोमध न घासता एका बाजूला सरकवून घासायचा. व्यास दोन मिलिमीटर कमी केला आणि केंद्र एक मिलिमीटर बाहेर सरकवलं, तर स्ट्रोक दोन मिलिमीटर वाढतो. चतुर काम आहे, जुने लोक रेसिंगसाठी करायचे. पण हिशेब बघा, दोन मिलिमीटरनं आपल्या गाडीत जेमतेम ४२ सीसी वाढतात. त्यासाठी वरचा कडक केलेला थर घासला जातो, जर्नल बारीक होतो, कोपऱ्यातली गोलाई नीट राखली नाही तर तिथूनच तडा सुरू होतो. वर याच क्रँकच्या नाकावर सुपरचार्जरचा पट्टा ओढ लावून बसलेला. वेल्डिंगनं भर टाकून नऊ मिलिमीटर काढू असं कुणी म्हणालं तर हात जोडून बाहेर या.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते पक्कं केलं. आरसीवर १७९६ आणि पोटात १९८६ असं चालत नाही. एका बदलाला ५००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खरी भीती दंडाची नाही, विम्याची आहे. उद्या नगर रस्त्यावर काही झालं आणि बदल उघड झाला, तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. समोरच्या घरातलं माणूस गेलं असेल तर काय उत्तर देणार? ट्रॅकवरच पळणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी.

म्हणून भावासाठी माझं मत. ॲडव्हान्स देऊ नको. जुन्या सुपरचार्जर गाडीत आधी इंटरकूलर साफ आहे का, पट्टा घसरतोय का, व्हॅक्यूमचे रबरी पाइप चिरलेत का, इंजेक्टर पुरेसं पेट्रोल देतात का, हे बघ. एवढ्या वर्षांच्या गाडीत मूळची ताकदच पूर्ण येत नसते. ती परत मिळवायला क्रँकच्या पैशांचा छोटा तुकडा लागतो, आणि आरटीओला त्यात काही आक्षेप नाही.

क्रँकचाच नाद असेल तर एकच वेळ मला पटते: इंजिन आधीच उघडलंय, क्रँक गेलाय, नवा टाकायचाच आहे, आणि गाडी ट्रॅकची आहे. तेव्हा गॅरेजवाल्याला विचार. नवा पिस्टन पिनपासून डोक्यापर्यंत किती मिलिमीटर? रॉड केवढा? नवं कॉम्प्रेशन किती? रेडलाइन किती ठेवणार? आणि सुपरचार्जरची पुली किती मिलिमीटरची बसवणार? शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला की "पुलीचा काय संबंध?", तर त्याला या भागाची लिंक पाठव आणि गाडी घेऊन घरी ये.